मणका नव्हे, नसा

मी एसटीत कंडक्टर आहे, सातारा-महाबळेश्वर फेरीवर. 2025च्या पावसाळ्यात मेढ्याला गाडी थांबली तसा उतरून नोंद करायला गेलो. कंट्रोलर म्हणाला, "एका पायात चप्पल नाही, कुठं टाकली?" खाली बघितलं तर खरंच नव्हती. ती गाडीच्या पायरीवरच राहिली होती आणि मला पत्ताच नाही.

शुगर सहा वर्षांपासून. त्यामुळं नेहमीच्या डॉक्टरांनी 'शुगरचे पाय' म्हणून बी-बाराची इंजेक्शनं चालू केली. महिन्याभरात गाडीची पायरी चढताना दांडीला लोंबकळावं लागू लागलं. पुढं घंटीची दोरी ओढायला हात वर नेला की खांदा थरथरायचा. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यातली गादी सरकलेली दिसली. एका ठिकाणी ऑपरेशनची तारीखही ठरली.

मेहुणा लॅबमध्ये टेक्निशियन. तो फोनवर म्हणाला, "दाजी, कमरेच्या मणक्यानं पाय जातील, हात कसे गळतील?" एवढ्या साध्या प्रश्नावर ऑपरेशन थांबलं.

पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी आधी एमआरआय बघितलाच नाही. उकिडवं बसून उठायला सांगितलं, मला उठता आलं नाही. मग रबरी हातोडी गुडघ्यावर, घोट्यावर, कोपरावर मारली. एकही झटका आला नाही. म्हणाल्या, "शुगरनं नसा जातात त्या बहुतेक बोटांपासून, सावकाश. तीन महिन्यांत खांदे-मांड्या दोन्हीकडून ढिल्या पडल्यात, म्हणजे दुसरं काही शोधायला हवं."

मग एनसीव्ही. हातापायाला बारीक शॉक देत नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजतात. पायात सेकंदाला साधारण 40 मीटरच्या वर हवा, माझा 24 निघाला. नसेवरचं मायलिनचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती खरवडत होती. आमच्या भाषेत, रस्ता आहे पण डांबर उखडलंय. पाठीतलं पाणी काढलं, त्यात प्रोटीन 132, जिथं 45 पर्यंत चालतं. पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या, म्हणजे जंतुसंसर्गाची शंका कमी. आजाराचं नाव सीआयडीपी.

नाव ऐकून पाहुणे विचारायचे, "पुण्यात सिंहगड रोडला जानेवारीत साथ आली तोच का?" तो जीबीएस, म्हणजे गिलेन-बॅरे सिंड्रोम. याचा भाऊबंदच, पण तो चार आठवड्यांच्या आत टोकाला जातो. माझं दुखणं आठ आठवडे उलटून गेले तरी वाढतच होतं. फरक महत्त्वाचा, कारण जीबीएसला स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, सीआयडीपीला होतो. मला मात्र शुगरमुळं स्टेरॉइड नको, आयव्हीआयजी घेऊ असं ठरलं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटीबॉडी असतात त्यात. किलोमागं दोन ग्रॅम, म्हणजे माझ्या सत्तर किलोला 140 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून.

विमा कंपनीनं 'मधुमेहाची गुंतागुंत' असा शेरा मारून कागद परत पाठवले. मॅडमनी एनसीव्हीच्या आलेखांसह पत्र दिलं तरी नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत जेवताना घास तोंडापर्यंत न्यायला डाव्या हाताचा आधार लागायला लागला. याचा राग अजून गेलेला नाही.

सलाईनच्या स्टँडला काचेच्या बाटल्या, थेंब अगदी सावकाश. भराभर दिलं की डोकं ठणकतं. तिसऱ्या दिवशी ठणकलंच, नर्सताईंनी वेग कमी केला, पाणी प्यायला लावलं. किडनी बघायला रोज क्रिएटिनिन. घरी आल्यावर दहाव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जमिनीवरून हात न टेकता उठलात." माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात जोर पुन्हा ओसरला. आता दर चार आठवड्यांनी एक दिवस भरती आणि 70 ग्रॅम. सध्या डेपोत बसून काम आहे. दरवेळी डोसच्या आधी मूठ आवळायचं यंत्र हातात देतात. सुरुवातीला उजव्या हाताचा आकडा 11 किलो होता, गेल्या खेपेला 27. तीसच्या वर टिकला तर अंतर पाच आठवड्यांचं करून बघू, असं मॅडम म्हणाल्यात.