फाकलेल्या पायाचं पिल्लू: या खेपेची नोंद

या खेपेला अंडी उबवायच्या थर्माकोलच्या मशीनमध्ये २४ गावरान अंडी ठेवली. सातव्या दिवशी अंडी बॅटरीच्या उजेडावर धरून बघताना पाच रिकामी निघाली, २१व्या दिवसापर्यंत १५ फुटली. १३ ठणठणीत. ही नोंद उरलेल्या दोघांची.

पहिल्याचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, ओल्या फरशीवर घसरल्यागत पोटावर पडून होतं. उजव्या पायाची बोटं आत वळलेली. पण चोच सरळ, बेंबी बंद आणि आवाज असा की अख्खी गल्ली जागी व्हावी. दुसऱ्याची चोच कात्रीसारखी तिरकी, डावा डोळाच नाही, बेंबीतून हरभऱ्याएवढा बलक बाहेर.

आई म्हणाली, "आरं, कोंबडीखाली असतं तर तिनंच बाजूला टाकलं असतं." खरं आहे. म्हणून मी फक्त दोन गोष्टी बघितल्या: चोच पाण्यात टेकवली की गिळतं का, आणि बेंबी मिटलीय का. पहिलं गटागटा प्यालं. दुसऱ्याच्या चोचीतून पाणी परत आलं. बाहेर आलेला बलक ओढायचा नाही, कापायचा नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं. बीटाडीनचा थेंब लावून रात्रभर उबेत ठेवलं. ती रात्र मी त्याला उगाच काढायला लावली. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी बघून मान हलवली आणि तिथंच त्याला सोडवलं.

आता पहिल्याचं. आईनं रुमालात गुंडाळून मुठीत धरलं, मी अर्ध्या इंचाची कागदी चिकटपट्टी दोन्ही पायांना बेडीसारखी घातली. मधलं अंतर साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे पाय अंगाखाली येतील इतकंच. मधल्या भागात पट्टी पट्टीलाच चिकटवायची, नाहीतर लव उपटते. वळलेल्या बोटांखाली पुठ्ठ्याचा तळवा कापून बसवला, नखाएवढा. हे काम चष्मा लावून करा. मी दोनदा स्वतःचंच बोट चिकटवून घेतलं.

पहिला दिवस चहाच्या कपात, खाली मऊ कापड. बल्बखाली ३५ अंश. बाटलीच्या टोपणात पाणी आणि त्यात गोट्या, म्हणजे तोंडघशी पडून बुडायला नको. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं, म्हणून खाण्याची घाई केली नाही. पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचे थेंब.

तिसऱ्या दिवशी बेडीसकट उड्या मारत फिरायला लागलं. चौथ्या दिवशी पट्टी काढली तर संध्याकाळी परत फाकलं, पुन्हा बांधली. सहाव्या दिवशी काढली ती कायमची. पाय आता सरळ आहेत. बोटं अजून थोडी आत आहेत, तळवा चालू ठेवलाय. बाकीची पिल्लं त्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर सारखी टोचत होती, म्हणून त्यावर काळ्या पेननं रंग दिला.

चूक माझीच. शेवटच्या तीन दिवसांत ट्रेमध्ये वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर पिल्लाचा पाय टिकत नाही. पुढच्या वेळी रबरी जाळी. बोटांचं खापर मी खुराकावर फोडतो: कोंबड्या गेला महिनाभर नुसत्या मक्या-ज्वारीवर होत्या आणि धान्यात बी-२ जीवनसत्त्व कमीच. आता ताक आणि लसूणघास सुरू केलंय.

तिरक्या चोचीचं मात्र अडकलंय. दुसऱ्या दिवशी सेन्सर निसटून मशीन ३९ अंशांवर गेलं होतं आणि सुरुवातीच्या उष्णतेनं डोळा बिघडू शकतो. पण तिरकी चोच रक्तातूनही येते, आणि त्या टरफलावर पेन्सिलनं 'ल' होता, म्हणजे लाल तलंगीचं (तरुण कोंबडीचं). तिची अंडी आता ऑम्लेटला.