तिकडं, टाकीच्या वर

शेजारच्या वहिनी भर दुपारी मोबाईल पुढं धरूनच आत आल्या. मी पावटे सोलत बसले होते. "बाई, हे काय असेल हो?" पडद्यावर काळाकुट्ट अंधार, त्यात थरथरणाऱ्या ठिपक्यांची एक रेघ आणि मागून वहिनींचाच आवाज : "अहो, बाहेर या लवकर... आधी तो गॅस बंद करा!"

शाळेत विज्ञान शिकवलं की निवृत्तीनंतर आकाशाचं खातं आपोआप आपल्याकडं येतं. माझी तक्रार नाही. फक्त मला आधी तीन गोष्टी कळाव्या लागतात : कुठल्या दिशेला, किती वर आणि किती वेळ. इथंच घोडं पेंड खातं. दिशा म्हणजे "तिकडं, टाकीच्या वर". किंवा "किल्ल्याच्या बाजूनं आलं". साताऱ्यात पूर्व-पश्चिम कुणी वापरत नाही, अजिंक्यतारा असताना गरजही नाही. किती वर? "नारळाच्याही वर." कुणाच्या नारळाच्या, आणि तुम्ही कुठं उभ्या होता? किती मोठा? यावर हात पसरून "एवढा!" होतो. आणि वेळ विचारली तर कायम दहा मिनिटं. मोबाईलमधलं चित्रण पाऊण मिनिटात संपलेलं असतं.

वर्गात मी दरवर्षी सांगायचे, हात सरळ लांब करा, मूठ वळा, एक मूठ म्हणजे दहा अंश. मुलं मुठी वळायची आणि शेजारच्याच्या पाठीत घालायची.

वहिनींचं मात्र सोपं होतं. संध्याकाळी साडेसात, आवाज नाही, एकामागं एक दिवे, किल्ल्याकडून आले आणि माहुलीच्या अंगाला एकाच जागी एकेक करून विझले. आगगाडीच. साताऱ्याला रेल्वे कधी गावात आली नाही, स्टेशन लांब माहुलीकडं. ही डोक्यावरून गेली, तीही माहुलीलाच. मी सांगितलं, हे स्टारलिंकचे उपग्रह, एका अमेरिकी कंपनीचे, इंटरनेट पुरवणारे. मे २०१९ मध्ये पहिल्या खेपेला ६० सोडले, त्यानंतर खेपा चालूच आहेत. नवे सोडलेले काही दिवस खालून, रांगेत चालतात. मग साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास चढतात आणि पांगतात. त्यांना स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडं दिवस मावळला तरी तिथं वर अजून ऊन असतं, तेच चमकतं. पुढं पृथ्वीची सावली लागली की दिवा गेला. सगळ्यांची वाट एक, म्हणून विझायची जागाही एकच. मला तर हे विझणंच सगळ्यात आवडतं. पृथ्वीची सावली अशी कशावर पडताना एरवी चंद्रग्रहणाशिवाय कुठं बघायला मिळते?

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काही नाहीच ना?" असं म्हणून मोबाईल बंद केला.

हे मला कळत नाही. तासाला सत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगानं काहीतरी डोक्यावरून जातं, ते 'काही नाही'. मध्यंतरी गावोगावी ड्रोनची हूल उठली होती, तेव्हापासून थंडीत आग्नेयेला व्याध उगवला तरी फोन येतात. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तो, क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, म्हणून लाल-हिरवा लुकलुकतो. हलतोयसुद्धा म्हणतात, अंधारात एकट्या ठिपक्याकडं टक लावली की डोळाच तसं भासवतो. व्याध आहे म्हटलं की तिकडून "हां, व्याध होय" आणि फोन खाली. लाडबोरीत मात्र 'काही नाही' असं कुणी म्हटलं नसेल. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोकांनी आकाशातून आडवे जाणारे आगीचे लोळ पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या गावात धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. चिनी लाँग मार्च रॉकेटचा उरलेला भाग असावा, असं जाणकारांचं म्हणणं पडलं.

आमच्या लहानपणी तर आधी निरोप यायचा आणि मग वस्तू. जुलै १९७९. मी प्राथमिक शाळेत, गाव खटाव तालुक्यात. स्कायलॅब नावाची अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा पडणार, कुठं ते ठाऊक नाही, एवढंच रेडिओवरून आमच्यापर्यंत पोचलेलं. शेजारच्या आबांनी राखलेला कोंबडा कापला. उद्या आपणच नसलो तर तो कुणासाठी? आजीनं अंगणातलं पितळेचं घंगाळ आत घेतलं, म्हैस गोठ्यात आतल्या बाजूला बांधली आणि वडिलांना बजावलं की पडू दे नाहीतर न पडू दे, कोळपणी थांबायची नाही. आम्ही पोरं गोणपाटाच्या खोळी घेऊन ओट्यावर बसलो. आभाळ गच्च भरलेलं, दिसणार काय कप्पाळ! ती ११ जुलैला पडली, तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. सूर्याच्या वाढलेल्या तापानं वरचं वातावरण फुगलं आणि त्याच्या ओढीनं ती अंदाजाआधीच खाली आली, हे मला पुष्कळ पुढं कळलं. आजीनं तेव्हा एकच विचारलं, "तिथं कुणाचं घर गेलं का?" नाही म्हटल्यावर घंगाळ परत अंगणात.

वहिनी येऊन गेल्या त्याच आठवड्यात पहाटे फोन वाजला. त्या वेळी वाजला की आधी पोटात गोळाच येतो. कराडकडचा माझा जुना विद्यार्थी होता, उसाला पाणी पाजायला रानात.

"बाई, आत्ता दिव्यांची रांग बघितली. साडेपाचला. उगवतीला, चार मुठी वर."

मी उठून बसले. "मुठी?"

"तुम्हीच शिकवलंय की. पण बाई, ते मधनंच उगवत होते. एकाच जागेतनं, एकेक."

बरोबर होतं. पहाटे सगळं उलटं, सावलीतून बाहेर पडायचं आणि पेटायचं. मी भराभरा सांगत सुटले, तो मधे मधे "हां, हां" करत होता. मग विचारलं, एवढ्या पहाटे वर बघायला सवड कशी मिळाली रे?

"मोटर बंद पडली ना. लाईट गेली. नाहीतर कुठलं वर बघतोय, बॅटरी सगळी पायापुढं. या आठवड्यात लाईट रात्रीचीच आहे."

गेल्या पाळीला त्याच्या बांधाशेजारच्या एकाला घोणस चावली होती. पुढचं स्टारलिंक राहूनच गेलं.

"बूट घातलेस का?"

"घातलेत, बाई. आली लाईट. ठेवतो, दारं मोडायचंय."