आमची वाटचाल : बांधावर जाण्याआधी पायथनमध्ये

सोलापुरात आम्ही विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टर पेटीत बसणारी लोरा (कमी विजेवर लांब पल्ल्याचे छोटे संदेश पाठवणारं तंत्र) रेडिओ उपकरणं बनवतो. सुरुवातीचं सगळं काम रेंजभोवती फिरायचं. सांगोल्याच्या डाळिंब बागेत अँटेना उंच बांधायची, सिग्नल मोजायचा, झालं. पाच पेट्यांना तेवढं पुरतं. एका गेटवेवर (सगळ्या पेट्यांचे संदेश ऐकणाऱ्या मुख्य रेडिओवर) २०० पेट्या आल्या की अडचण अंतराची उरत नाही, वेळेची होते : संदेश एकाच वेळी येऊन आदळतात, आणि २०० पेट्या टेबलावर मांडून ती दिसत नाही.

म्हणून आधी संगणकावर सिम्युलेशन, म्हणजे या गर्दीची नक्कल : त्यासाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यासाठीची सिम्पाय लायब्ररी. प्रत्येक पेटी म्हणजे एक जनरेटर फंक्शन (मध्येच थांबून पुन्हा तिथूनच पुढे चालणारं) : पाठव, थांब, पुन्हा पाठव. घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं, त्यामुळे आठवड्याभराचे संदेश साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत तपासून होतात.

पहिल्यांदा एअरटाइमचं (एक संदेश हवेत किती वेळ राहतो त्याचं) फंक्शन लिहावं आणि चिपच्या डेटाशीटमधल्या सूत्राशी ताडून बघावं. २० बाइटचा संदेश, १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ, कोडिंग रेट ४/५ (दर ४ बिटांमागे चूक पकडायला १ जादा बिट) : एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर; जितका मोठा तितकी रेंज जास्त आणि वेग कमी) ७ ला सुमारे ५७ मिलिसेकंद, एसएफ १२ ला १.३२ सेकंद. प्रीअँबलचे (संदेशाआधी येणाऱ्या ओळखखुणेचे) ८ सिम्बॉल सगळे धरतात, त्यावरचे सव्वाचार विसरतात. एसएफ १२ ला तिथेच १३९ मिलिसेकंद गळतात.

मग अलोहाची चाचणी, म्हणजे वाटेल तेव्हा पाठवायचं आणि दोन संदेश आदळले की दोन्ही बुडाले असं धरायचं. २०० पेट्या, सरासरी १० मिनिटांना एक संदेश, एक चॅनल, वेळा यादृच्छिक : एसएफ १२ ला शंभरातले ४१ पोचतात, एसएफ ७ ला ९६. संदेश तीन चॅनलांवर वाटले तर एसएफ १२ चे ७५ होतात. सिम्युलेटरने हे आकडे दिले नाहीत तर पुढे जाऊ नये.

खरी गोम इथून पुढे आहे. शेतात वेळा यादृच्छिक नसतात. फीडरची (भागाला वीज देणाऱ्या वाहिनीची) लाईट आली की सगळ्या पेट्या एकाच क्षणी जाग्या होतात आणि एकदमच बोलतात. एकाच वेळी आलेल्या दोन संदेशांतला साधारण ६ डेसिबलने जोरकस असलेला वाचतो, त्यामुळे गेटवेजवळची विहीर नेहमी ठीक दिसते आणि तपासणारा फसतो. उपाय सोपा : पहिल्या संदेशाआधी ० ते १० मिनिटांचा यादृच्छिक विलंब. पण सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते ती संख्या) न देता पेटीच्या चिपमधलं रँडम फंक्शन वापरलं तर सगळ्या पेट्या एकच आकडा काढतात. सीड चिपच्या युनिक आयडीतूनच घ्यावं. सिम्युलेशनमध्येही तसंच करावं, पायथनचा एकच सामायिक जनरेटर वापरला तर ही चूक झाकली जाते.

पेटीतल्या घड्याळाच्या क्रिस्टलची चूकही घालावी लागते. ±२० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) धरलं तर दोन पेट्यांत जास्तीत जास्त ४० पीपीएमचा फरक. एसएफ १२ वर ठराविक अंतराने बोलणाऱ्या आणि एकमेकांवर पूर्ण आदळणाऱ्या दोन पेट्या सुटायला मग किमान ९ तास लागू शकतात. क्रिस्टल जुळते असले तर कित्येक दिवस. घड्याळं अचूक धरली तर त्या कधीच सुटत नाहीत, म्हणून आता प्रत्येक फेरीच्या थांब्यातही काही सेकंदांची यादृच्छिक भर असते.

आणि पोच. गेटवे पोच पाठवत असताना काहीच ऐकत नाही. प्रत्येक संदेशाला पोच मागितली तर न पोचलेले संदेश पुन्हा येतात, गर्दी वाढते, आणखी संदेश बुडतात. पोच फक्त मोटर चालू-बंदच्या हुकमालाच ठेवली आहे.