करारात बसलेला आवाज

जहाज करारात बसत होतं. मालकाच्या खोलीत 47 डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, असं कागदावर होतं आणि माझ्या मीटरवर 44.6 आलं. एवढ्यावर रिपोर्टला सही ठोकून मोकळं व्हायला काहीच हरकत नव्हती. पण त्या 44.6 मध्ये एक सूर दडून बसला होता. तो आधी ऐकला मुख्य स्ट्युअर्डेसने, म्हणजे खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी, माझ्या महागड्या मायक्रोफोनने नव्हे. त्यावरून पुढे जे काही झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी सुपरयॉटवर, म्हणजे अतिश्रीमंतांच्या खासगी आलिशान जहाजांवर, आवाज आणि कंप मोजतो. लोकांना या जहाजांची लांबी आणि वेग सांगता येतो. 2013 साली आलेली 180 मीटरची ‘अझ्झाम’ गॅस टर्बाइनच्या जोरावर 30 नॉटच्या वर पळते, हे या विषयातली हौशी मंडळी झोपेतही सांगतील. प्रत्यक्षात पूर्ण वेगात जहाज फार थोडा वेळ धावतं. बराचसा काळ ते नांगरावर उभं असतं नाहीतर रात्रीचं सावकाश चालत असतं, आणि तेव्हा मालकाला हवी असते शांतता. व्यापारी जहाजांसाठी आयएमओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची, ध्वनिसंहिता 2014 पासून लागू आहे. 1600 ते 10,000 ग्रॉस टनेजच्या (हे जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप) जहाजात खलाशाच्या खोलीला ती 60 डेसिबलपर्यंत मुभा देते. मालकाच्या खासगी वापरातल्या यॉटला ती लागूच नाही. तिथे करारातला आकडा हाच कायदा. 60 आणि 47 यांत फरक नुसता 13 चा दिसतो, पण डेसिबलच्या हिशेबात ती विसेक पट ऊर्जा आहे.

ती विसेक पट ऊर्जा गिळायला काय काय करतात ते पाहण्यासारखं असतं. जनरेटर रबरी पायांवर, ते पाय एका जड पोलादी चौकटीवर आणि ती चौकट पुन्हा रबरावर. त्याला जोडलेल्या प्रत्येक पाइपात लवचीक तुकडा. खोलीची जमीन मिनरल वुलवर, म्हणजे खनिज तंतूंच्या लोकरीवर, तरंगती, भिंती आणि छतही जहाजाच्या पोलादाला थेट न टेकणारे. मग एखादा सुतार गालिच्याखालची पट्टी बसवताना हाताला लागला म्हणून लांब स्क्रू मारतो, त्याचं टोक खालच्या पोलादाला टेकतं आणि सगळ्या तरंगत्या जमिनीचं मातेरं होतं. असा एक स्क्रू शोधायला कामाची पूर्ण पाळी जाते. सुताराला कुणी बोलत नाही. ‘आवाजवाल्यांनी उशीर केला’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

या यॉटवर डिझायनरने मालकाचा पलंग जहाजाच्या मागच्या टोकाला ठेवला होता. सकाळी डोळे उघडले की मागे सुटत जाणारं पाणी दिसावं, ही कल्पना. चित्रात ते फारच देखणं दिसतं. त्या पलंगाच्या खाली काही मजल्यांवर दोन प्रोपेलर फिरतात, हे चित्रात दिसत नाही. आम्हाला बोलावतात ते चित्र मंजूर झाल्यावर.

त्या दिवशी उत्तर समुद्रात शांत वेगाची चाचणी होती. जहाज संकरित होतं, म्हणजे डिझेल इंजिनं बंद, जनरेटरही बंद, बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या मोटरी गिअरबॉक्समधून शाफ्ट, म्हणजे प्रोपेलरचे दांडे, सावकाश फिरवतात. प्रोपेलर मोठा, पाच पात्यांचा, मिनिटाला नव्वदच्या आसपास फेरे. म्हणजे सेकंदाला साडेसात ठोके, कानाला ऐकूही न येणारे. सगळे पायमोज्यांवर, कारण जमिनी पूर्ण झाल्या होत्या. मी खोलीचं दार लावून आकडे घेतले, गोदीचा प्रकल्प व्यवस्थापक बाहेर अंगठा दाखवून गेला.

रात्री मुख्य स्ट्युअर्डेस मला शोधत आल्या. मालकाला झोपताना एसीचा पंखा अगदी मंद लागतो, म्हणून त्यांनी तसा लावून पाहिला होता. म्हणाल्या, “खोलीत कुणीतरी गुणगुणतंय.” व्यवस्थापक तिथेच होता. बाईंचे कान दमले असतील, असं काहीतरी तो हसत म्हणाला. बारा-चौदा वर्षं यॉटवर काढलेल्या बाईला असं म्हणणाऱ्या माणसाला मी गोदीत फार वर ठेवत नाही.

मी वर गेलो. पंखा मंद केल्यावर ऐकू आलं. काचेच्या पेल्याच्या काठावर ओलं बोट फिरवल्यावर निघतो तसा, एकच, न हलणारा सूर. विश्लेषकावर 410 हर्ट्झच्या जवळ सुईसारखी रेघ उभी. सूर 36 डेसिबलचा. दुपारी एसीचा वारा एकटा 44 चा होता. त्यात 36 मिसळले तर बेरीज 44.6 होते, म्हणजे नसल्यातच जमा. रात्री बाकीचा सगळा आवाज 36 वर उतरला होता आणि एकूण आकडा 39. खोली पाच-साडेपाच डेसिबलने शांत झाली होती, आणि उरलेल्या आवाजातली निम्मी ऊर्जा त्या एकट्या सुराची होती. जनरेटर चालू असते तर बहुधा कधीच कळलं नसतं.

पहिला संशय गिअरबॉक्सवर. मी ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या खोलीत, जाऊन कॅप्टनना विनंती केली की फेरे एकेक करून वाढवा. गिअरचा सूर असता तर फेऱ्यांबरोबर तोही चढला असता. 88 ला 410, 90 ला 410, 93 ला 410. 95 पर्यंत सूर हलला नाही आणि 96 ला एकदम गायब झाला. तिथेच मला ओळख पटली, तरी खात्रीसाठी डावा शाफ्ट थांबवायला सांगितला, सूर तसाच. उजवा थांबवला आणि खोली मुकी झाली. सुकाणू थोडं वळवलं तरी सूर डळमळायचा, कारण पात्यांवर येणारं पाणी बदलायचं.

धंद्यात याला सिंगिंग प्रोपेलर म्हणतात. पात्याच्या मागच्या कडेवरून पाणी सुटताना आलटून पालटून भोवरे सुटतात. ते सेकंदाला किती सुटतात हे पाण्याच्या वेगावर आणि कडेच्या जाडीवर ठरतं. कड पाचेक मिलिमीटर जाड आणि पातं तिथे सेकंदाला दहा-अकरा मीटरने पाणी कापत असेल, तर भोवरे सेकंदाला चारशेच्या घरात येतात. पात्याची स्वतःची थरथरही नेमकी तिथेच असली की दोघं एकमेकांना धरून ठेवतात. फेरे थोडे बदलले तरी सोडत नाहीत. प्रोपेलर उत्तम होता, प्रोपेलरच्या घडणीसाठी असलेल्या आयएसओ 484 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सर्वांत काटेकोर ‘एस’ वर्गातला निकेल-ॲल्युमिनियम-ब्रॉन्झ. दोन्ही एकाच नकाशावरून केलेले. तरी उजवा गातो, डावा नाही. कडेवरचा अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरतो.

इलाज जुना आणि स्वस्त आहे. मागच्या कडेला तिरका छाट द्यायचा, भोवऱ्यांची लय मोडते. पाणबुडेसुद्धा जागेवर करू शकतात. पण दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत व्यवस्थापकाने करार उघडला. 47 च्या आत आहे ना? मग विषय संपला. छाट हवा असेल तर मालकाने वाढीव काम म्हणून मागावा. कॅप्टन सरळ माणूस, ते म्हणाले, “88 ते 95 टाळतो मी, त्यात काय.” मग कुणीतरी सुचवलं की रात्री एसी एक पायरी वर ठेवावा, म्हणजे सूर झाकला जाईल. बैठकीतले बरेचजण माना डोलवू लागले. मिनरल वुल, रबर, बॅटऱ्या यांवर पाण्यासारखा पैसा ओतून शांतता विकत घ्यायची आणि ती गैरसोयीची झाली की वरून पंख्याचा आवाज टाकायचा! मालकाच्या प्रतिनिधीने तेवढ्यापुरतं हो म्हटलं आणि नंतर फोनवर मालकाशी बोलून सगळं मोडून काढलं.

पाणबुडे उतरले, उजव्याच्या पाचही पात्यांना छाट दिला, नंतर वाद नको म्हणून डाव्यालाही. पुन्हा समुद्रात गेलो तेव्हा रेघ नव्हती, वेगातही मोजता येण्यासारखा फरक पडला नव्हता. मुख्य स्ट्युअर्डेसना मी मुद्दाम खोलीत बोलावलं. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता न्हाणीघरामागे पाण्याचा पंप ऐकू येतोय. तो खरंच येत होता.

मला सतावतं ते हे, की मूळ रिपोर्टमध्ये मी जो आकडा लिहिला तो अचूक होता आणि व्यवस्थापकाचं म्हणणंही करारानुसार बरोबर होतं. जमिनीवर कारखान्याचा आवाज मोजताना आयएसओ 1996-2 मध्ये सुरासाठी वेगळी भर आहे. सूर किती ठसठशीत आहे ते पाहून मोजलेल्या आकड्यावर 6 डेसिबलपर्यंत चढवता येतात. ज्या खोल्यांसाठी अफाट पैसा मोजला जातो, त्यांच्या करारांत ही ओळ मला क्वचितच दिसते. आता मी माझ्या प्रत्येक प्रस्तावात ती घालतो. एका गोदीच्या वकिलाने ती खोडली. दुसरीचा वकील समंजस निघाला, त्याने फक्त विचारलं की एसी कुठल्या पायरीवर ठेवून मोजायचं. मी ‘मालक झोपताना ठेवतो त्या’ असं लिहिलं. त्यावर त्याचा प्रश्न आला की जहाज विकलं गेलं तर कुठल्या मालकाची पायरी धरायची. मसुदा सध्या तिथेच अडकला आहे.