लाँगइयरबीन (स्वालबार्ड, नॉर्वे), ९ मार्च

उणे १८. वारा नाही, म्हणजे सुखाचा दिवस. कालपासून गावात ऊन आहे. सूर्य फेब्रुवारीच्या मध्यालाच क्षितिजावर येतो, पण दक्षिणेचे डोंगर त्याला अडवून धरतात. जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो ८ मार्चला पोचतो, आणि त्याला बघायला अख्खं गाव तिथं जमतं.

स्वालबार्ड हा उत्तर ध्रुवाकडचा द्वीपसमूह आकाराने महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढा, माणसं मात्र तीन हजारांच्या आसपास. इथं यायला व्हिसा लागत नाही, आणि नेमका इथंच भारतीय प्रवासी फसतो. नेहमीचं विमान ओस्लो किंवा ट्रॉम्सोहून येतं. नॉर्वेतली ती शहरं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात; ही बेटं शेंगेनबाहेर. येताना बाहेर पडल्याची नोंद होते, परतताना प्रवेश नव्याने. एकेरी प्रवेशाचा व्हिसा असला की परतीची वाट बंद! अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेश मागून घ्यावेत.

ध्रुवीय अस्वलाचं चित्र असलेल्या त्रिकोणी पाटीपलीकडे वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असणं कायद्याने सक्तीचं आहे. २०२५पासून अंतराचाही नियम आला: एरवी ३०० मीटर, १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. तेवढ्या लांबून फोनच्या कॅमेऱ्यात अस्वल म्हणजे पिवळसर ठिपका. दुर्बीण बरी.

कॅमेरा बिघडतो तो बाहेरच्या थंडीत नव्हे, आत आल्यावर. उबदार खोलीतली वाफ गार लेन्सवर आणि आतल्या भागांवरही पाणी होऊन बसते. म्हणून बाहेर असतानाच कार्ड काढून घ्यावं, कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा दाबून बंद करावा आणि खोलीत दोन-तीन तास पिशवी उघडूच नये. बॅटऱ्या तीन तरी हव्यात, त्याही आतल्या खिशात. ‘संपलेली’ बॅटरी अंगाच्या उबेने पुन्हा थोडी चालते. अंगालगत लोकर. सुती गंजी घामाने भिजली की वाळत नाही, आणि थांबल्यावर हुडहुडी भरते ती तिच्यामुळेच.

हॉटेलात, संग्रहालयात बूट दाराशीच काढतात. खाणकामगारांच्या बुटांना कोळसा लागलेला असायचा, तेव्हापासूनची ही रीत. आपल्याला त्यात नवल नाही, फक्त मोज्यांना भोक नको.

नी-ओलेसुंड हे संशोधकांचं गाव लाँगइयरबीनहून उत्तरेला. रस्ता नाही, पर्यटक तिथं पोचतात ते बहुतेक उन्हाळ्यात, बोटीने. २००८पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथं आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालतो. गावाभोवती २० किलोमीटरपर्यंत वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथले मोठे अँटेना दूरच्या क्वेसारांकडून (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांकडून) येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. फोन फ्लाइट मोडवर टाकला की झालं, असं नाही. त्याचं ब्लूटूथ पुष्कळदा चालूच राहतं. शिवाय मनगटावरचं घड्याळ, इअरफोन आणि कॅमेरा. बोटीतून उतरण्याआधी एकेक काढून बघावं.