फिटच्या गोळ्यांची पिशवी घेऊन बार्शी ते सोलापूर

धाकटीला फिट येते हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. गोळ्यांनी तिचं काय केलं, ते घरातच राहिलं. फेनिटॉइन या पहिल्या गोळीवर ती चालताना झोकांड्या खायची आणि हिरड्या सुजून दातांवर चढल्या. मग लेव्हेटिरॅसिटाम आली. फिटा कमी झाल्या, पण पोरगी चुलीवरच्या तव्यासारखी तापलेली. एकदा जेवताना ताट भिरकावलं आणि मग स्वतःच वेचत रडत बसली. मार्चमध्ये कुणाला न सांगता तिनं गोळ्या सोडल्या आणि तिसऱ्या पहाटे लागोपाठ तीन झटके आले. गोळी कितीही नकोशी झाली तरी अशी एकदम तोडायची नसते.

एप्रिलमध्ये सोलापूर गाठलं. वैरागमार्गे साधारण सत्तर किलोमीटर. सकाळची पहिलीच एसटी धरा, एकतर दुपारचं ऊन सोसवत नाही, आणि सिव्हिलला जायचं असेल तर केसपेपरची रांगही सकाळचीच. सकाळची गोळी आणि नाश्ता चुकवू नका. एसटीत पेशंटला आतल्या बाजूला बसवा, मधल्या वाटेकडेला नको.

पहिल्या दवाखान्यात (नाव नको) पाच मिनिटांत काम उरकलं. आहे त्या गोळीवर आणखी एक चढवली. चिडचिडीचं सांगितलं तर म्हणाले, "फिट हवी की गोळी, ते ठरवा." ती चिठ्ठी खिशातच राहिली.

संध्याकाळी दुसरीकडे, न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूच्या डॉक्टर) मॅडमकडे नंबर लागला. त्यांनी मला गप्प बसवलं. "दादा, तुम्ही नंतर. आधी ती सांगेल." आणि तिनं सांगितलं की गोळी घेतल्यावर तासाभरात डोक्यात मुंग्यांचं वारूळ फुटतं. हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी. आदल्या रात्री कमी झोपून या म्हणाले, म्हणून शहरातल्याच जुळे सोलापूर भागात मावशीकडे मुक्काम. केस शाम्पूनं धुवायचे, तेल अजिबात नाही. जागरणानं फिट येऊ शकते, म्हणून आम्ही पाळीपाळीनं तिच्याजवळ बसलो. मावशीनं उशाशी कांदा ठेवला होता, तो मी गुपचूप शेंगाचटणी-भाकरीसोबत खाऊन टाकला. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांपुढे गेली तर दवाखाना. कांदा-चप्पल यांचा उपयोग शून्य.

तपासणीत डोक्यावर चिकट मलम लावून वायरी चिकटवतात, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात, जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. दुखत नाही. ते मलम निघायला मात्र दोनदा डोकं धुवावं लागलं.

मॅडमनी व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी टाळली. लग्नाचं वय आहे, पुढे गर्भारपणात बाळाला धोका. लॅमोट्रिजिन लिहिली, पण मुंगीच्या पावलानं: दोन आठवडे पंचवीस मिलिग्रॅम, पुढचे दोन पन्नास. जुनी गोळी तोवर चालूच. अंगावर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी फोन, कारण घाईनं डोस वाढवला तर या गोळीचं पुरळ जिवावर बेतू शकतं. हा हिशोब एका कागदावर मागून घ्या, तोंडी लक्षात राहत नाही.

जाताना जुन्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, एमआरआयची फिल्म आणि एक वही न्या. वहीत फिटची तारीख-वेळ, झोप, पाळीची तारीख, कुठली गोळी चुकली आणि गोळीनंतर किती वेळानं काय त्रास झाला. आमचं काम या वहीनंच झालं. फिटचा मोबाइलवरचा व्हिडिओही दाखवा. औषध दुकानदार "सेमच आहे" म्हणत दुसऱ्या कंपनीची पट्टी देतो. घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

निघताना मावशी कानात कुजबुजली, "स्थळ बघताना बोलू नका हं." हिंदू विवाह कायद्यातली, फेफरं (फिट) येणाऱ्याला लग्नाला अपात्र धरणारी अट १९९९ सालीच काढलीय, हे सांगितलं तर तिला पटेना.

आता अकरावा आठवडा. पुरळ नाही, जुनी गोळी निम्म्यावर आलीय. फिट एकदा आली, दीड मिनिटाची. पुढची तारीख जुलैची आहे आणि वही आता तिची तीच लिहिते, मला उघडू देत नाही.