लायसन खिशात, गाडी आगारात

परिवहन कार्यालयात मी लायसन शाखेला वरिष्ठ लिपिक आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांची ही हकिकत आहे ते दोघे भाऊ अजून त्याच रस्त्यांवर गाडी चालवून पोट भरतात.

वार शुक्रवार होता हे आधी सांगायला हवं, कारण त्या दिवशीची सगळी धावपळ त्यामुळेच झाली. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. म्हणजे शुक्रवारी सव्वासहाच्या आत सुटकेचा आदेश निघाला नाही, तर अटकावून ठेवलेली गाडी सोमवारपर्यंत जागची हलत नाही. टुरिस्ट परमिटवर गाडी चालवणाऱ्या माणसाची खरी कमाई शनिवार-रविवारची, आणि त्यात ऐन लग्नसराई.

त्या दोघांतला एक माझ्या खिडकीशी आला तेव्हा बारा वाजत आले होते. त्याआधी दोन टेबलांवरून त्याला परत पाठवलेलं. रात्रभर झोप नसल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. आदल्या रात्री परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या फिरत्या पथकाने, हायवेवर त्याची सात सीटची गाडी थांबवली. परमिट, विमा, पीयूसी, सगळं जागेवर होतं. लायसनचा नंबर मशीनमध्ये टाकला आणि ‘निलंबित’ असं आलं. गाडीत रेल्वे स्टेशनला निघालेलं कुटुंब होतं, सोबत म्हातारी माणसं. त्याने ओळखीच्या दुसऱ्या गाडीवाल्याला बोलावून त्यांना पुढे पाठवलं, भाडं स्वतःच्या खिशातून दिलं आणि आपली गाडी एसटी आगारात नेऊन लावली. हातात चलन, विनापरवाना गाडी चालवल्याचं. कायद्यात त्याला 5,000 रुपये दंड आहे.

त्याने शर्टाच्या खिशातून लायसनचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“मॅडम, एकच विचारतो. लायसन निलंबित झालं की ते तुमच्या हापिसात जमा करावं लागतं ना? मग हे माझ्या खिशात कसं?”

रात्री रस्त्यावरही त्याने हेच विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही.

प्रश्न बिनतोड होता. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 19 प्रमाणे लायसनधारकाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय निलंबन करता येत नाही, आणि आदेश झाला की लायसन कार्यालयाच्या ताब्यात द्यावं लागतं. याला ना नोटीस मिळालेली, ना सुनावणी झालेली, आणि कार्ड याच्याच हातात. मी सारथीवर, म्हणजे लायसनच्या संगणक प्रणालीवर, नंबर टाकला. त्याचं नाव, त्याचा फोटो, आणि खाली तीन महिन्यांचं निलंबन. कारण : वाहन चालवताना मोबाईलचा वापर. आदेश क्रमांक आमच्याच शाखेचा होता.

म्हणजे आदेश खरोखर निघालेला होता. आणि आदेश निघाला असेल तर कुणाचं तरी कार्ड आमच्या कपाटात असणार.

आमच्याकडे अशी कार्डं बरीच असतात, आणि त्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 च्या ऑगस्टमध्ये सर्व राज्यांना कळवलं, की सिग्नल तोडणं, अतिवेग, जादा माल भरणं, मालवाहू गाडीत माणसं बसवणं, दारू पिऊन किंवा मोबाईलवर बोलत गाडी चालवणं, यांत किमान तीन महिने लायसन निलंबित करा. निर्णय योग्यच होता. या रस्त्यांवर काय काय होतं ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक. पण त्यानंतर निलंबनाच्या प्रस्तावांच्या याद्याच्या याद्या यायला लागल्या, त्यातल्या काही हाताने लिहिलेल्या, आणि नोंदी भरणारी माणसं होती तेवढीच राहिली.

कपाटातून त्या आदेशाचं पाकीट काढलं. आत कार्ड होतं. नाव तेच, आडनाव तेच. बापाचं नाव वेगळं, जन्मतारीख वेगळी, नंबर वेगळा. फोटोतला माणूस जरा वयस्कर, मिशीवाला. दुसऱ्याचं कार्ड असं समोरच्याला दाखवता येत नाही, म्हणून मी पाकीट मिटवलं आणि विचारलं, “तुमच्या गावात तुमच्याच नावाचा आणखी कुणी आहे का हो?”

“आहे की. थोरला. माझा चुलतभाऊ. आज्याचं नाव दोघांनाही ठेवलंय. गावात त्याला थोरला म्हणतात, मला धाकटा.” मग तोच थबकला. “त्याचं लायसन धरलं होतं ना मागं... पिकअप चालवतो तो.”

फाईल उघडून बसले. प्रस्तावाच्या यादीत थोरल्याचं नाव, पण नंबराचे शेवटचे आकडे पुसट, पाचाचे सहा की आठ ते कळत नव्हतं. नोटीस मात्र थोरल्याच्या पत्त्यावर गेलेली, पोचपावतीवर त्याची सही. त्याने येऊन म्हणणं मांडलेलं, चूक कबूल केलेली, कार्ड जमा केलेलं. साहेबांच्या सहीचा आदेशही थोरल्याच्याच पूर्ण नावाने, बरोबर नंबराने. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत चोख होता. बिघडलं ते शेवटच्या पायरीला, आदेश सारथीत चढवताना. ज्याने कुणी ती नोंद केली त्याने कार्ड न बघता यादी समोर ठेवली, पुसट नंबर लागेना म्हणून नावाने शोधलं, आणि एका नावाची दोन माणसं आली तेव्हा बापाचं नाव न बघता एकावर निलंबन टाकलं. दुसरा काही खुलासा मला तरी सुचत नाही.

आता पुढे काय करायचं यावर आमच्यातच मतभेद झाले. शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याचं म्हणणं, “आजच्या तारखेने निलंबन मागे घेतल्याचं दाखव. पाच मिनिटांत लायसन चालू होईल, गाडी सुटेल, माणूस मोकळा.” त्यालाही या माणसाचं भलंच करायचं होतं. आणि तो माणूस तर हातच जोडत होता. “मॅडम, मला बाकी काही नको. उद्या सकाळी वऱ्हाड न्यायचंय. गाडी तेवढी द्या.”

मी नाही म्हटलं. निलंबन मागे घेतलं, तर ते होतं असा त्याचा अर्थ होतो. या माणसाच्या रेकॉर्डवर कायमचं राहिलं असतं, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा चालक अपात्र होता. उद्या त्या काळातला एखादा अपघाताचा दावा निघाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवणार. लायसन नूतनीकरणाला आला की तिथला लिपिक तेच वाचणार. पुढे कधी खरोखर चूक झाली तर हा ‘दुसऱ्यांदा’ सापडलेला ठरणार. जे कधी घडलंच नाही ते मागे कसं घेणार? ती नोंद चुकीची म्हणून रद्दच व्हायला हवी होती, मग त्याला वेळ लागला तरी चालेल.

आणि वेळ लागणारच होता. चुकीची नोंद समूळ काढणं लिपिकाच्या लॉगिनमध्ये नाही. कार्यालयप्रमुखांच्या मान्यतेने ते प्रकरण एनआयसीकडे, म्हणजे सारथी सांभाळणाऱ्या केंद्राच्या संगणक संस्थेकडे, पाठवावं लागतं. शुक्रवारी दुपारी पाठवलेल्याचं उत्तर शुक्रवारी येत नाही.

तेव्हा मी कलम 207 काढून पुन्हा वाचलं. गाडी अटकावून ठेवण्याचा अधिकार याच कलमात आहे, आणि ती सोडण्याचाही. मालकाने संबंधित कागदपत्रांसह अर्ज करायचा, आणि प्राधिकाऱ्याने कागदपत्रांची पडताळणी करून गाडी सोडायची. संगणकाचा पडदा आधी हिरवा व्हायला हवा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आणि इथे तर मूळ फाईल, मूळ कार्ड, पोचपावती, सगळं आमच्याच कपाटात. त्याच कलमात आणखी एक सोय आहे. लायसन नसल्याचा किंवा परमिट नसल्याचा संशय असेल तर गाडीऐवजी फक्त तिचं नोंदणी प्रमाणपत्र ताब्यात घेऊन पोच देता येते. ती वापरली असती तर रात्री अकरा वाजता म्हाताऱ्या माणसांना हायवेवर उतरावं लागलं नसतं. पथकातल्या निरीक्षकाला मी हे फोनवर म्हटलंही. तरुण मुलगा आहे, नोकरीला लागून फार दिवस झालेले नाहीत. आधी म्हणाला, “मॅडम, मशीनवर निलंबित दिसत असताना मी गाडी सोडली असती तर मलाच विचारलं असतं.” तेही खोटं नाही. पण तासाभरात तो स्वतः कार्यालयात आला आणि नोंद चुकीची असल्याने कारवाई टिकत नाही, असा अहवाल स्वतःच्या हाताने लिहून देऊन गेला. त्याच्या वयाच्या अधिकाऱ्याने असं लिहून देणं सोपं नसतं.

साहेब मात्र जागेवर नव्हते. कलेक्टर ऑफिसात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची बैठक होती. मी टिपणी लिहायला घेतली. धाकट्याने मधल्या वेळात थोरल्याला फोन लावलेला.

साडेतीनला थोरला आला. पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आला होता, गावापासून तासाभराचा रस्ता. लायसन जमा केल्यापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पिकअपवर दुसरा ड्रायव्हर ठेवलेला, आणि बाजारला जायचं तरी तो कुणाच्या तरी मागे बसूनच जायचा. मशीनवर त्याचं नाव टाकलं असतं तर लायसन चालू दिसलं असतं, त्याला कुणीही अडवलं नसतं. हे त्याला त्या दिवशी आमच्याकडे कळलं. ऐकून तो काही बोलला नाही. आदेशाची घडी घातलेली प्रत त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिली आणि म्हणाला, “निलंबन माझं आहे, असं लिहून देतो. कुठं सही करू?”

तशी गरज नव्हती, आमची फाईल पुरेशी होती. तरी त्याचा जबाब मी घेतला, कारण उद्या दुसरा कुणी ती फाईल उघडेल तेव्हा त्याला शंका राहायला नको. सही करून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “ताई, माझे तीन महिने आता पहिल्यापासून नाही ना धरणार?”

हा प्रश्न माझ्या टिपणीत नव्हता. लगेच एक परिच्छेद वाढवला : मूळ आदेशाच्या तारखेपासून निलंबनाचा कालावधी मोजावा, संबंधिताने लायसन त्याच वेळी जमा केलेलं आहे. प्रामाणिकपणे घरी बसलेल्या माणसाचे दिवस आमच्या चुकीपायी वाया जाणं मला बघवलं नसतं.

साहेब आले तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांनी टिपणी वाचली, दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यांची अडचण एकच होती. “सारथीवर अजून निलंबितच दिसतंय. आज सोडली आणि उद्या वऱ्हाड घेऊन जाताना दुसऱ्या जिल्ह्यात कुणी धरलं तर?” शंका रास्त होती. म्हणून सुटकेच्या आदेशाबरोबर एक स्वतंत्र पत्र काढलं, कार्यालयाच्या लेटरहेडवर : या लायसनवर कोणतंही निलंबन झालेलं नाही, सारथीवरची नोंद चुकीची असून ती रद्द करण्याची कार्यवाही सुरू आहे, खात्री करण्यासाठी कार्यालयाचा दूरध्वनी अमुक. त्यात ‘मागे घेतले’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही.

सही झाली, जावक क्रमांक पडला. धाकटा कागद घेऊन पळायलाच लागला होता, त्याला थांबवून दोन्हींवर गोल शिक्का मारला. आगाराच्या गेटवरचा सुरक्षा रक्षक गोल शिक्क्याशिवाय गाडी बाहेर काढू देत नाही, हे ठाऊक असल्याने. तसंच झालं. त्याने आधी शिक्का पाहिला, मग गाडीचा नंबर. सातच्या आत गाडी बाहेर आली आणि सकाळी वऱ्हाड वेळेवर निघालं.

पुढच्या आठवड्यात एनआयसीकडून ती नोंद निघाली आणि योग्य नावावर योग्य तारखेने चढली. चलन रद्द व्हायला त्याहून जास्त दिवस लागले. त्या यादीतली बाकी सगळी नावं कार्डं समोर ठेवून तपासावीत, अशी टिपणी मी सोमवारीच ठेवली होती. साहेबांनी मान्य केली. तपासताना आणखी एक चुकीची नोंद सापडली, एका शिक्षिकेच्या स्कूटरच्या लायसनवर. त्यांना कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळे त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. आता आमच्या शाखेत निलंबन चढवताना कार्ड हातात असल्याशिवाय नोंद करायची नाही, आणि बापाचं नाव व जन्मतारीख जुळल्याची सही दुसऱ्या लिपिकाने करायची, असं ठरलं आहे.

आगारातल्या पार्किंगचे पैसे आणि त्या रात्री प्रवाशांना दुसऱ्या गाडीने पाठवल्याचं भाडं त्याने स्वतः भरलं. हे दोन्ही त्याला परत मिळावेत असा अर्ज मी त्याच्याकडून लिहून घेऊन शिफारशीसह वर पाठवला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. दर पंधरवड्याला मी स्मरणपत्र काढते.